इटलीतले चित्रमहाल : आत शिरल्यावर काय पाहिलंत?

धागाकर्ती :
इटलीतल्या चौकांचे आणि पुलांचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण राजवाड्यांच्या आत काय बघितलं यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांनी आत वेळ काढलाय त्यांनी सविस्तर लिहा. मला ओढ आहे ती त्या भिंतीसाठी, त्या छतासाठीच काढलेल्या चित्रांची. ती तिथेच जाऊन बघावी लागतात.

सुरुवात मी करते. व्हेनिसचा डोजेचा (तिथल्या प्रजासत्ताकाच्या निवडलेल्या प्रमुखाचा) राजवाडा, त्यातलं सरदारांच्या महासभेचं दालन. ५३ मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. समोरची अख्खी भिंत चित्रकार तिंतोरेत्तोच्या ‘स्वर्गा’ने व्यापली आहे, जवळजवळ २२ मीटर रुंद. जवळून बघितलं तर नुसती माणसांची दाटी दिसते, कोण संत आणि कोण देवदूत काही कळत नाही. मग मी दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथून त्या गर्दीची वर्तुळं होतात आणि सगळी वर ख्रिस्त आणि मेरीकडे सरकताना दिसतात. सभेला बसणाऱ्या सरदारांना चित्र असंच, लांबून दिसत असणार. डोजेचं आसन त्याच्या बरोबर खाली होतं.

छताला लागून डोजेंच्या तसबिरींची रांग आहे. त्यात एका जागी चेहऱ्याऐवजी काळा पडदा रंगवलाय. तो मारीनो फालिएरो. प्रजासत्ताक उलथवण्याचा कट केला म्हणून १३५५ साली त्याचा शिरच्छेद झाला. आणि १२ मे १७९७ रोजी, नेपोलियन दाराशी आलेला असताना, याच दालनात महासभेनं मतदान करून आपलंच राज्य संपवलं. हे माहीत असेल तर तिथून पाय निघत नाही.

नाशिककर :
ताई, छान धागा. आम्ही तिथेच ‘गुप्त वाटां’ची वेगळी फेरी घेतली होती, आगाऊ नोंदणी करून. सोनेरी दालनांच्या मागे लाकडी फळ्यांच्या बुटक्या खोल्या आहेत. कारभाऱ्यांचं दफ्तर तिथे, चौकशीची खोली तिथे आणि वर शिशाच्या पत्र्यांखालच्या कोठड्या. व्हेनिसचा प्रसिद्ध रंगेल साहसवीर कासानोव्हा १७५६ साली तिथूनच निसटला. या खोल्या बघून परत दालनात आलो की छतावरचा सोन्याचा मुलामा वेगळाच दिसतो. माझ्या मते ही फेरी आधी करावी, दालनं नंतर. आईला बरोबर नेलं नाही, जिने अरुंद आणि चढे आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करून जावं.

सध्या मिलान :
व्हेनिसला सगळेच जातात. माझी कळकळीची विनंती, मांतोव्याला जा. व्हेरोनाहून रेल्वेनं तासाभराच्या आत पोचता येतं.

तिथे राज्य करणाऱ्या गोन्झागा घराण्याचे दोन वाडे आहेत. गावातल्या राजवाड्यात, सान जोर्जोच्या गढीत, चित्रकार मांतेन्यानं रंगवलेली खोली आहे. काम १४६५ ते १४७४ चाललं. खोली तशी लहान, जेमतेम आठ मीटर चौरस. शेकोटीच्या वरच्या कठड्यावर सगळं घराणं बसलंय, जणू खरोखरच त्या दगडावर. घराण्याचा प्रमुख लुदोविको याच्या हातात पत्र आहे आणि तो वळून कारभाऱ्याशी बोलतोय. खुर्चीखाली त्याचा कुत्रा. आता मान वर करा. छताला मधोमध गोल भोक, त्यातून निळं आभाळ, आणि कठड्यावरून वाकून खाली बघणाऱ्या, हसणाऱ्या बायका. एक मोर. एका दांडीवर झाडाची कुंडी टेकवलीय, दांडी सरकली तर कुंडी थेट आपल्या डोक्यात. छत वरून किंचितच गोलावा असलेलं आहे, भोकबिक काही नाही, सगळा रंगाचा खेळ. मी ज्या दिवशी गेलो त्या दिवशी मोजक्याच लोकांना थोडा वेळ आत सोडत होते. तेवढ्यात फोन खिशातच ठेवला, याचं फार समाधान आहे. २०१२च्या भूकंपानंतर ही खोली बंद होती, २०१५ साली पुन्हा उघडली.

दुसरा वाडा गावाच्या कडेला, त्याचं नाव ‘पालाझ्झो ते’. राफाएलचा शिष्य जूलिओ रोमानो यानं १५२५ ते १५३५ या काळात उभारला. अंगणातल्या भिंतींवर दगडी पट्टीतले काही तुकडे मुद्दाम खाली निसटलेले दाखवलेत. एका दालनात गोन्झागांच्या लाडक्या घोड्यांची पूर्णाकृती चित्रं. आणि मग राक्षसांचं दालन. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळू नये म्हणून कोपरेच बुजवलेत. वर रोमन देवांचा राजा ज्युपिटर वज्र फेकतोय आणि चहूबाजूंनी खांब, कमानी, डोंगर राक्षसांच्या अंगावर कोसळतायत. एका कोपऱ्यात कुजबुजलेलं समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. विजापूरच्या गोलघुमटात लहानपणी गेलेल्यांना लगेच ओळख पटेल.

ठाण्याची वाचक :
राक्षसांचं दालन मला मात्र अंगावर आलं. दोन मिनिटांत बाहेर पडले. घोड्यांचं दालन फार आवडलं. प्रत्येक घोड्याचे डोळे वेगळे आहेत, माणसाची तसबीर काढावी तसे. चित्रकारानं तबेल्यात बराच वेळ काढला असणार.

लंडनहून :
मांतोव्याच्या प्रतिसादाला जोडून. गोन्झागा कर्जात बुडाले आणि १६२७-२८च्या सुमारास त्यांनी आपला संग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. मांतेन्याची ‘सीझरच्या विजययात्रे’ची नऊ मोठी चित्रंही पाठोपाठ इकडे आली. ती लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या संग्रहातली. मी ती आधी पाहिली होती, मांतोव्याला नंतर गेले. जे उचलून नेता आलं ते गेलं, गिलाव्यावरचं तेवढं मागे राहिलं. तिथल्या रिकाम्या दालनांतून चालताना हे सारखं जाणवतं आणि वाईट वाटतं. व्हेनिसचंही तेच. डोजेच्या राजवाड्यात, राज्याच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या दहाजणांच्या मंडळाच्या दालनात छताच्या मधोमध चित्रकार वेरोनेझेचं ज्युपिटरचं चित्र दिसतं ती नक्कल आहे. मूळ चित्र १७९७ साली फ्रेंचांनी काढून नेलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

कोल्हापूरकर :
फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियो या राजवाड्यातली, तिथला राज्यकर्ता फ्रान्चेस्को मेदिची याची खोली कुणीच लिहिली नाही! तिथल्या ‘पाचशेंचं सभागृह’ नावाच्या भव्य दालनाला चिकटून एक बिनखिडकीची कमानदार खोली आहे. भिंतीवरची चित्रं म्हणजे कपाटांची दारं. आत रत्नं, औषधं, काचसामान असा जो ऐवज असे, त्याला जुळणारा विषय दारावर. चित्रकार स्त्रादानोच्या १५७०च्या चित्रात किमयागाराची भट्टी पेटलीय आणि राबणाऱ्या माणसांत खुद्द फ्रान्चेस्को आहे, अंगावर कामाचे कपडे, हातात ढवळायची काठी. राज्यकर्त्यानं स्वतःला असं रंगवून घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मात्र त्याच्या मृत्यूनंतर ही खोली मोडली होती, विसाव्या शतकात चित्रं शोधून पुन्हा जुळवली. साध्या तिकिटावर मी दारातूनच बघितली.

नवीन वाचक :
जूनमध्ये आईबाबांना घेऊन जातोय. दोघंही सत्तरीचे. एकच वाडा जमेल. कुठला घेऊ?

सध्या मिलान :
दादा, मांतोव्याचा ‘पालाझ्झो ते’ घ्या. मुख्य दालनं सगळी एकाच मजल्यावर, जमिनीलगत आहेत. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी तिथे उकाडा असह्य होतो. आईबाबांना आधी घोड्यांच्या दालनात न्या आणि राक्षसांच्या दालनात शिरण्यापूर्वी आत काय आहे ते सांगून ठेवा. परत आलात की इथे लिहा.