घोट्याच्या प्रश्नावलीचं मराठीकरण: ‘फूट’ म्हणजे पाय की पाऊल?

परळ_फिजिओ:
पाऊल-घोट्याच्या त्रासात हालचाली किती जमतात ते मोजणारी ‘फूट अँड अँकल अ‍ॅबिलिटी मेझर’ (फाम) मराठीत आणतोय. २००५ची प्रश्नावली, रोजच्या हालचालींचे २१ प्रश्न, खेळाचे ८. मूळकर्त्यांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे. दोन स्वतंत्र भाषांतरं झाली: एक फिजिओचं, एक मराठीच्या शिक्षिकेचं. ती एकत्र करताना ‘फूट’, ‘कर्ब’ आणि ‘वॉकिंग इनिशियली’वर गाडी अडलीय. फॉर्म पेशंट ओपीडीत स्वतः भरणार. पोर्तुगीज आवृत्तीची पद्धत जशीच्या तशी उचलली तर चालेल का?

शब्दवेल्हाळ:
‘पाय’ अजिबात नको. आपला पाय कमरेखाली सुरू होतो. गुडघा दुखणारी बाई ‘पायामुळे जिना चढायला त्रास’ यावर बिनदिक्कत खूण करेल, आणि तुम्ही तो घोट्याचा त्रास म्हणून मोजाल. वरच्या सूचनेत ‘पाऊल आणि घोटा’ लिहा, शेजारी साधं रेखाचित्र द्या.

पण मग ‘वॉकिंग इनिशियली’साठी ‘पहिली काही पावलं टाकताना’ असं लिहू नका, एकाच पानावर पाऊल दोन अर्थांनी येईल. ‘चालायला सुरुवात करताना’ पुरे. टाचदुखी डोळ्यासमोर ठेवून ‘सकाळी उठल्यावर’ जोडायचा मोह होतो. मुळात सकाळ नाही, तेव्हा जोडू नका.

कर्ब: ‘फुटपाथवर चढणं आणि उतरणं’. लोकलच्या पायरीचं उदाहरण घालू नका. तिची उंची वेगळी, वर गर्दीचा रेटा. तो वेगळाच प्रश्न होतो.

स्क्वॉटिंगला ‘उकिडवं बसणं’च हवं. ‘खाली बसणं’ म्हटलं की लोक मांडी घालतात. ‘अनवाणी’ही टाळा, त्याला नवसाचा वास आहे. ‘चपला-बूट न घालता’ लिहा.

मोजमाप_मुंबई:
पोर्तुगीजकडून पद्धत घ्या, शब्दांचे निर्णय नकोत. भाषा एक असूनही ब्राझीलचा मजकूर पोर्तुगालमध्ये न तपासता वापरत नाहीत. तुमचीही आवृत्ती मुंबईत तपासलेली असेल, तर अहवालात तसंच लिहा.

प्रश्नावल्यांच्या भाषांतरासाठीच्या बीटन यांच्या २००० सालच्या मार्गदर्शिकेचा क्रम सोडू नका: एकत्रित मसुदा, मग दोघांकडून उलट (मराठीतून पुन्हा इंग्रजीत) भाषांतर, मग तज्ज्ञ समिती, मग ३० ते ४० पेशंटवर चाचणी. उलट भाषांतर करणारे वैद्यकातले नसावेत आणि त्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नसावी. त्यांची मातृभाषा इंग्रजी असणं अपेक्षित आहे. तसे मिळाले नाहीत तर ते लपवू नका, नोंदवा.

चाचणीत ‘समजलं का?’ विचारू नका. ओपीडीत सगळे ‘हो’च म्हणतात. ‘यात काय विचारलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्या.

परळ_फिजिओ:
खूप आभार, ‘पावलं’चा घोळ लक्षातच आला नव्हता. आणखी एक: घरकामाच्या प्रश्नावर बरेच पुरुष ‘लागू नाही’ करतील. तिथे शून्य धरायचं का?

मोजमाप_मुंबई:
नाही! शून्य म्हणजे ‘अजिबात जमत नाही’, आणि ४ म्हणजे ‘काहीच अडचण नाही’. ‘लागू नाही’ झालेला प्रश्न छेदातूनच काढायचा. समजा १९ प्रश्नांत ५७ गुण आले आणि दोन लागू नाहीत. कमाल गुण ८४ नव्हे, ७६. म्हणजे ७५ टक्के. शून्य धरलंत तर ६८. हा ७ गुणांचा फरक निव्वळ हिशेबाच्या चुकीचा, आणि रोजच्या हालचालींच्या भागात पेशंटला जाणवणारा किमान बदलच ८ गुणांचा मानतात. १९पेक्षा कमी उत्तरं असतील तर स्कोअर काढूच नका. खेळाच्या भागात ही मर्यादा ७.

‘लागू नाही’चा अर्थही सूचनेत उलगडा: ती हालचाल पाऊल-घोट्याऐवजी दुसऱ्याच कारणाने, उदाहरणार्थ कंबरदुखीमुळे, जमत नसेल तर ही खूण. हे न सांगितल्यास लोक ‘मी करत नाही’ अशा अर्थाने ती करतात.

उत्तरं स्थिर राहतात का हे पाहायला तोच फॉर्म पुन्हा भरून घेताना किमान ५० पेशंट घ्या, आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि नुकतं प्लास्टर निघालेले वगळा. तेवढ्या दिवसांत ते खरंच सुधारतात, आणि आयसीसी (दोन वेळचे गुण किती जुळतात तो आकडा) पडला की दोष भाषांतराच्या माथी येतो.