बाहेर जेवायला गेल्यावर काय मागवता, काय टाळता?

लिंबूटिंबू: काल ऑफिसच्या जेवणात नवीन लागलेल्या मुलीने वेटरला ठणकावून सांगितलं, "तवा पुलावात बटर नको, वरूनही नको." मला एकदम बाबा आठवले. लहानपणी माटुंग्याच्या उडप्याकडे बसलं की ते आधी अण्णांना हाक मारायचे. साधा डोसा, तेल नावाला, सांबार दोनदा आणा. आम्ही भावंडं लाजून मेन्यूकार्डामागे तोंड लपवायचो. बाबांना शुगर आहे हे घरात माहीत होतं, पण त्या वयात शुगर आणि डोशाचा संबंध कोण लावतो! तर तुमच्याकडे काय चालतं? डाएट चार्ट नकोत, खरं काय करता ते सांगा.

माटुंगेकर: आमचे आजोबा रामा नायककडे (सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनाजवळ, १९४२ पासून आहे) कायम लिमिटेड थाळी घ्यायचे. केळीच्या पानावर अनलिमिटेड बसलं की माणूस भुकेसाठी नाही, पैसे वसूल करायला जेवतो म्हणायचे.

दोन पोळ्या: मी घरून काकडी खाऊन निघते. सासूबाई म्हणतात, मग जाता कशाला?

भूकलाडू: सासूबाईंना माझं मत 😂

बोंबील तव्यावर: मासे खाणाऱ्यांचं सोपं आहे. सुरमई तव्यावरची सांगायची आणि वड्यांऐवजी तांदळाची भाकरी. काही ठिकाणी 'तवा फ्राय' म्हणूनही तेलात पोहलेलीच येते, म्हणून आधी एकच तुकडी मागवून बघतो. सोलकढी मात्र दोन वाट्या. नारळ असतो हे माहीत आहे, कोणी शिकवू नका.

वजनकाटा: दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना एफएसएसएआयच्या (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) नियमाने मेन्यूवर पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात, जुलै २०२२ पासून. सोबत 'सरासरी प्रौढाला दिवसाला २,००० किलोकॅलरी' हेही द्यायचं असतं. नवरा ते वाचून स्वतःची कोल्ड कॉफी रद्द करतो आणि माझ्या ग्लासातली पितो. कोपऱ्यावरच्या अण्णांना हा नियम नाही, तिथे नजरेनेच मोजायचं.

शेवटची लोकल: नाइट शिफ्टवाल्यांचं कोणी बोलतच नाही. रात्री एकला अंधेरीत सॅलड कुठून आणू? भुर्जीपाव. दोन अंड्यांची भुर्जी, बटर नको, पाव एकच. भुर्जीवाला "हो साहेब" म्हणता म्हणता पाव त्याच तेलात फिरवतो. पाव आधीच हातात मागून घ्यायचा, कोरडा.

लिंबूटिंबू: @शेवटची लोकल हे भारी आहे. बाबांना सांगायला हवं.

पियूषवाली: चतुर्थीला बाहेर खाणाऱ्यांनो, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात वडा तळलेला. आम्ही पाच जणांत एकच प्लेट घेतो. आईला डायबेटिस, ती उपास करत नाही, थालीपीठ मागवते आणि वरचा लोण्याचा गोळा उचलून माझ्या ताटात टाकते. लोणी घरातच राहतं.

भूकलाडू: पियूष कोण पितं मग?

पियूषवाली: पुढचा प्रश्न.

वजनकाटा: अजून एक. फ्रेश लाइम सोडा नुसता मागवलात तर गोडच येतो. साखर नको हे तोंडाने सांगावं लागतं.

दोन पोळ्या: आणि सॉल्टेड म्हटलं की बीपीवाले बाबा ओरडतात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं डब्ल्यूएचओ सांगते, जेमतेम एक चमचा. पापड, लोणचं, चायनीजमधला सोया सॉस धरून. त्यामुळे आमच्याकडे साधं पाणी. बिसलेरी की साधं विचारलं की बाबा "साधं!" असं काही म्हणतात की शेजारचं टेबल वळून बघतं.

घोडबंदर: ठाण्यात कमी तेलाची मिसळ कुठे मिळेल?

बोंबील तव्यावर: कमी तेलाची मिसळ म्हणजे उसळ. घरी कर.

माटुंगेकर: तर्री वेगळ्या वाटीत मागायची. बहुतेक ठिकाणी देतात, तोंड जरा वाकडं करून.

घोडबंदर: ठाण्यातलं ठिकाण कोणीच सांगत नाही. बरं, मिसळ खायला दादरला येईन, पण सोबत कोणीतरी हवं. रविवारी?

पियूषवाली: रविवारी मेगाब्लॉक असेल बघ, शनिवारी ये. मी परळहून चालत येते.

घोडबंदर: शनिवारी हाफ डे. दोननंतर फोन करते.