यादृच्छिक म्हणजे मनाला येईल तसं?

प्रश्न: मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत 'सहभागींची यादृच्छिक विभागणी केली' असं वाक्य आहे. ती म्हणते, यादृच्छिक म्हणजे मनाला येईल तसं. मला पटत नाही. शिवाय पुढे 'नियंत्रित गट' येतो. त्यात कोण कोणाला नियंत्रित करतं?

उत्तर: न पटणं बरोबर आहे. हा शब्द 'यदृच्छा'वरून आला. आपल्या कानाला त्यात 'इच्छा' ऐकू येते, पण लिहून पाहा, तिथे 'दृ' आहे, 'दि' नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'यदृच्छालाभसन्तुष्टः' आहे: आपसूक जे मिळेल त्यात समाधान मानणारा. संस्कृतात या शब्दाला स्वैरपणाचीही छटा आहे, पण प्रयोगात घ्यायचा तो आपसूकपणाचा अर्थ. कोण कोणत्या गटात जाणार, हे ना प्रयोगकर्त्याच्या मर्जीवर, ना सहभागीच्या.

मी हा विषय मराठीतून शिकवते, त्यामुळे घोटाळा कसा होतो ते पाहिलंय. पाठांतराच्या प्रयोगासाठी तीस मुलं हवी होती. आधी आलेल्या पंधरा जणांना एका विद्यार्थ्याने गाणी लावून पाठांतर करायला बसवलं, मागून आलेल्यांना शांततेत. वहीत लिहिलं, 'यादृच्छिक विभागणी'. पण आधी आलेली बहुतेक गावातली होती आणि मागून आलेली एसटीतून उतरून धावत आलेली. गुणांत फरक पडला तर तो गाण्यांचा की प्रवासाच्या शिणाचा? पुढच्या वेळी स्टीलच्या डब्यात 'अ'च्या पंधरा आणि 'ब'च्या पंधरा सारख्या घड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला आणि प्रत्येकाला न पाहता एक उचलायला लावली. 'मनाला येईल तसं'पासून हे किती दूर आहे पाहा!

आता नियंत्रित गट. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974 सालचा प्रयोग मला यासाठी फार आवडतो, कारण त्यातला स्वतंत्र चल, म्हणजे प्रयोगकर्ता मुद्दाम बदलतो ती गोष्ट, चक्क एक क्रियापद आहे. 45 विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या सात फिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न तोच, क्रियापद मात्र पाच गटांना पाच. गाड्या चक्काचूर होण्याइतक्या आदळल्या, अशा अर्थाचं क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी सुमारे 41 मैल सांगितले. नुसत्या एकमेकींना लागल्या, असं ऐकणाऱ्यांनी 31.8. हा अंदाज म्हणजे आश्रयी चल, त्या बदलाचा परिणाम जिच्यात मोजायचा ती गोष्ट.

दुसऱ्या प्रयोगात 150 जण होते, तीन गटांत पन्नास-पन्नास. सगळ्यांना अपघाताची फीत दाखवली आणि दोन गटांना वेगाचा प्रश्न वेगवेगळ्या क्रियापदाने विचारला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' गटातले 16 जण हो म्हणाले, साध्या 'धडकल्या' गटातले 7. तिसऱ्या गटाला वेगाचा प्रश्नच विचारला नव्हता. त्यातलेही 6 जण हो म्हणाले. हा सहाचा आकडा नसता, तर सात हे जास्त की कमी, हे आपण कशावरून ठरवलं असतं?

तोच नियंत्रित गट. त्याला कोणी दाबून ठेवलेलं नसतं. उलट ज्याचा परिणाम तपासायचा, ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचू दिलेली नसते. मी 'नियंत्रण गट' लिहिते आणि समजावताना 'तुलनेचा गट' म्हणते. परीक्षेत मात्र मुलीने पुस्तकातलाच शब्द लिहावा.

प्रश्न: मग 'यादृच्छिक नमुना' आणि 'यादृच्छिक विभागणी' एकच का?

उत्तर: नाही, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. नमुना म्हणजे प्रयोगात माणसं कुठून आणि कशी निवडून घेतली. विभागणी म्हणजे आलेल्यांतला कोण कोणत्या गटात गेला. डब्यातल्या चिठ्ठ्यांनी विभागणी यादृच्छिक झाली, पण ती तीस मुलं आमच्याच वर्गातली, त्यामुळे नमुना यादृच्छिक नव्हता. मुलीला सांगा, वाक्यात रीतही लिही: 'चिठ्ठ्या उचलून सहभागींची यादृच्छिक विभागणी केली.' आणि चिठ्ठ्या खरोखर उचललेल्या नसतील, तर 'यादृच्छिक' खोडून 'आलेल्या क्रमाने' लिहायला सांगा.