मदत हवी आहे: नव्या रिइश्यूवर ट्रम्पेट फाटतो, एलपी परत करू की ठेवू?

तारसप्तक
जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर' या एलपीचं नवं रिइश्यू (पुन्हा काढलेली आवृत्ती) घेतलं. १८० ग्रॅम, सीलबंद. दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी ट्रम्पेट फाटतो. आधीच्या रेकॉर्डवर असं होत नाही. साफ करून पाहिलं, काही फरक नाही. परत करायची मुदत संपत आलीय. प्रेसिंगच (रेकॉर्डची दाबणी) खराब आहे ना? असेल तर कोणतं रिइश्यू घ्यायचं तेवढं सांगा. जरा लवकर.

बारीकसारीक
एवढ्यावरून कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. आधी हे कळवा: फाटतो तो नेमका कोणता ट्रॅक? डाव्या चॅनलमध्ये, उजव्या की दोन्हीकडे? कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) कोणतं, सुई कोणत्या आकाराची, सुईवरचं वजन किती ग्रॅम आणि ते काट्यावर मोजलंय की टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) चकतीवर वाचलंय? लेबल आणि शेवटचा ग्रूव्ह (ज्यातून सुई जाते ती खाच) यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत काय कोरलंय? आणि 'आधीचं रेकॉर्ड' म्हणजे हीच एलपी की दुसरीच कुठली?

मोनोप्रेमी
रिइश्यूच्या नादी लागूच नका. या एलपीची, म्हणजे ब्लू नोट कंपनीच्या ४१५७ क्रमांकाची, पहिली प्रत शोधा, तीही मोनो (एकाच चॅनलची). कोऱ्या पट्टीत 'व्हॅन गेल्डर' हा शिक्का हवा आणि त्याच्याजवळ कानासारखी दिसणारी खूण हवी. ती रेकॉर्ड दाबणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची. १९६६मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली, त्यानंतरच्या दाबणीवर हा कान नसतो. रुडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतःच रेकॉर्डिंग केलं आणि लॅकरही (ज्यावरून दाबणीचे साचे बनतात ती मूळ तबकडी) स्वतःच कापलं. ट्रम्पेटचा असा दणका पुढे कुणालाही साधलेला नाही.

तारसप्तक
मूळ प्रत घ्यायचा विचारच नाही. ट्रॅक 'हॉकस पोकस'. बहुतेक उजवीकडे जास्त. कार्ट्रिज साधंच, टर्नटेबलबरोबर आलेलं. कोऱ्या पट्टीत कॅटलॉग नंबर आणि मशीनने छापल्यासारखा एक कोड, बाकी काही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरूनच सगळी चर्चा वाहून गेली होती. ठेवू की परत करू?

ध्वनिरेषा
कापणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरं नाहीत, सही नाही, म्हणजे लॅकर कुणी आणि कशावरून कापलं याचा पत्ता नाही. अशा आवृत्त्या बहुधा सीडीच्या फाइलवरूनच कापलेल्या असतात. खरा फरक टेपवरून थेट कापलेल्या लॅकरने पडतो. ब्लू नोटची टोन पोएट मालिका २०१९पासून आहे. जो हार्ली निर्माते आणि कटिंग केव्हिन ग्रे यांचं. ग्रे यांच्याच हातची क्लासिक व्हायनिल मालिका जर्मनीत ऑप्टिमल कारखान्यात दाबली जाते. यातलं काही मिळालं तर डोळे झाकून घ्या.

बारीकसारीक
आद्याक्षरांचा मुद्दा बरोबर आहे, पण डिजिटल फाइल आणि फाटणं यांचा संबंध जोडू नका. फाइलवरून कापलेलं लॅकर सपाट वाटेल, झांजा कोरड्या वाटतील, पण फक्त शेवटच्याच ट्रॅकला ट्रम्पेट फाटणार नाही.

त्याचं कारण ग्रूव्हच्या वेगात आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डला बाहेरच्या कडेजवळ, १४.६ सेंमी त्रिज्येवर, सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी ग्रूव्ह जातो. आत ६ सेंमीवर तो फक्त २१ सेंमी उरतो. १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१. गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आतल्या अर्ध्या लाटेत ती मावतच नाही. लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या साडेसात मायक्रॉन, ती जेमतेम बसते. त्यात ट्रम्पेटचे वरचे हार्मोनिक्स (उपस्वर) जोरात असतात, म्हणून तोच आधी फाटतो. सुईची मांडणी जराशी चुकली तरी सगळ्यात आधी इथेच कळतं.

'आधीचं रेकॉर्ड' कोणतं, ते अजून सांगितलं नाहीत.

अनवट
म्हणूनच ४५च्या दोन तबकड्यांच्या आवृत्त्या घ्याव्यात. त्याच ६ सेंमीवर ४५ला सेकंदाला २८ सेंमी मिळतात. शिवाय एका बाजूला दहा-बारा मिनिटंच संगीत असल्यामुळे कटिंग इंजिनिअरला इतकं आत जावंच लागत नाही. म्युझिक मॅटर्स या कंपनीने २००७पासून ब्लू नोटची एलपी अशीच काढली होती. सुईचा खर्च वाचतो.

बारीकसारीक
उलट आहे, अनवट. चांगली सुई एकदा घेतली की घरातल्या प्रत्येक रेकॉर्डला उपयोगी पडते. ४५ची आवृत्ती एकाच अल्बमचा प्रश्न सोडवते, आणि सुईचं वजन चुकलेलं असेल तर तीही फाटेल.

रात्रराणी
कागदी आतलं पाकीट लगेच काढून टाका. नवी एलपी त्यातून ओढून काढताना स्थिर वीज तयार होते आणि कागदाचे तंतू चिकटतात. एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट वापरा. बाहेरचं कव्हर मऊ पीव्हीसीचं नको. त्यातला प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं झिरपून तबकडीवर धुरकट डाग पाडतो, आणि ते धुऊन जात नाहीत. पॉलिप्रॉपिलीन चालतं. आणि एलपी उभ्याच ठेवा, एकमेकींवर रेलू देऊ नका.

तारसप्तक
पाकिटाबद्दल विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. आधीचं रेकॉर्ड म्हणजे माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू'. त्यावर माइल्सचा ट्रम्पेट शेवटपर्यंत स्वच्छ वाजतो, म्हणून तर म्हणतोय की सिस्टीममध्ये दोष नाही. आणि एक राहिलं. पहिल्या बाजूला सुरुवातीची दोनेक मिनिटं उजवीकडून 'सर्र सर्र' येतं. ते धुळीचं असेल असं वाटलं होतं.

बारीकसारीक
ही तुलना चालणार नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या दोन्ही बाजू संथ रचनांवर संपतात, 'ब्लू इन ग्रीन' आणि 'फ्लेमेंको स्केचेस'. दोन्हीत माइल्सच्या ट्रम्पेटला हार्मन म्यूट (आवाज दबवणारं टोपण) आहे. आतल्या ग्रूव्हवर ताण पडेल असं तिथे फारसं काही नाही. 'हॉकस पोकस'मध्ये मॉर्गन उघड्या ट्रम्पेटवर वरच्या पट्टीत, जोरात वाजवतो आणि शेजारी जो हेंडरसनचा टेनर सॅक्सोफोन आहे. सिस्टीम तपासायची तर दुसऱ्या एखाद्या एलपीचा शेवटचा ट्रॅक लावा, ज्यात ब्रास जोरात आहे.

आणि ते 'सर्र सर्र' किरकोळ समजू नका. आता तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत.

ध्वनिरेषा
अवांतर: 'काइंड ऑफ ब्लू'चा विषय निघालाच आहे तर पहिली बाजू कोणत्या आवृत्तीची आहे तेही पाहा. २ मार्च १९५९च्या सत्रात मूळ टेप मशीन किंचित हळू चालत होतं, त्यामुळे त्या बाजूचे तिन्ही ट्रॅक वर्षानुवर्षं जरा चढ्या सुरात वाजत राहिले. जादाच्या टेपवरून १९९२मध्ये ते दुरुस्त झाले. पियानोबरोबर वाजवायला बसलात की फरक लगेच कळतो.

मोनोप्रेमी
तरीही मूळ मोनोच ऐकावं म्हणतो. 'साइडवाइंडर'च्या स्टीरिओत ट्रम्पेट डाव्या कोपऱ्यात, सॅक्स उजव्या कोपऱ्यात. मोनोत पाचही जण एका खोलीत असतात.

ध्वनिरेषा
आवडीचं ठीक आहे, पण इतिहास तसा नाही. १९५८च्या अखेरीपासून व्हॅन गेल्डर वेगळी मोनो टेप चालवतच नव्हते. दोन ट्रॅकच्या टेपचे दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो लॅकर कापलं जायचं. 'साइडवाइंडर'चं सत्र २१ डिसेंबर १९६३चं आहे. ज्याच्या अ‍ॅम्पला मोनोचं बटण आहे त्याला तोच तोल रिइश्यूवरही मिळेल. पहिल्या प्रतीत वेगळं असतं ते व्हॅन गेल्डर यांचं कटिंग: पातळी चढी, मधला पट्टा पुढे, अगदी खालचा खर्ज छाटलेला. दणका वाटतो तो त्याचा.

आणि दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी जुळवा. एक डेसिबलने मोठी वाजणारी प्रत प्रत्येकाला 'जास्त जिवंत' वाटते. बॉब क्रॅनशॉचं बास एकटं ऐकू येईल अशी जागा धरा, दोन्ही प्रती तिथे सारख्या पातळीवर आणा, मग झांजांची शेपूट किती लांब जाते ते ऐका.

मोनोप्रेमी
बटण दाबून ती घनता येत नाही. असो, मत बदलणार नाही.

धूळभेट
साफ केलं म्हणजे कशाने? कोरड्या ब्रशने ग्रूव्हच्या तळाचं काही निघत नाही. नवी एलपीसुद्धा धुवावी लागते, कापताना-भरतानाचा कचरा असतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नॉन-आयॉनिक वेटिंग एजंटचे (सौम्य साबणासारख्या द्रव्याचे) काही थेंब, ग्रूव्हच्या दिशेने मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरं धुणं आणि उभं ठेवून वाळवणं. दुसरं धुणं टाळलं तर साबण वाळून सुईवर गोळा होतो आणि तोच आवाज फाडतो. अल्ट्रासोनिक मशीन असेल तर पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

तारसप्तक
धुतलंय, दोनदा, दुसऱ्यांदा नुसत्या डिस्टिल्डने. तो विषय संपवा. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, वजन चकतीवर दीड. टर्नटेबल बसवलं तेव्हाच लावलं होतं, कमी वजनाने रेकॉर्ड कमी झिजतं म्हणून.

बारीकसारीक
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम वजन लागतं, प्रमाण २ ग्रॅम. दीडवर सुई ग्रूव्हच्या भिंती सोडून उडते आणि परत आपटते. फाटल्यासारखं ऐकू येतं ते हेच, आणि रेकॉर्ड खरं झिजतं ते अशाने. कमी वजन म्हणजे कमी झीज, हे खरं नाही. हे दुरुस्त होईपर्यंत ती बाजू लावू नका.

क्रमाने करा. आधी वजन, आणि तेही डिजिटल काट्यावर, प्लॅटरच्या उंचीला धरून मोजून २ ग्रॅम. मग प्रोट्रॅक्टरवर (कोन तपासायच्या छापील पट्टीवर) कार्ट्रिजची मांडणी. बेअरवॉल्डच्या मांडणीचे शून्य बिंदू, जिथे कार्ट्रिज ग्रूव्हच्या नेमकं सरळ रेषेत येतं ते, ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात, दोन्हीकडे कार्ट्रिजच्या बाजू रेषांना समांतर हव्यात. तुमच्या संग्रहात शेवटचे ट्रॅक जास्त भरलेले असतील तर स्टीव्हन्सनची मांडणी बघा, तिचा आतला बिंदू ६०.३वर आहे. मधल्या ट्रॅकना थोडी किंमत मोजावी लागते. त्यानंतर अँटी-स्केट (आर्मला बाहेर ओढणारं बल), वजनाइतक्याच आकड्यापासून सुरुवात. स्केटिंगचं बल आर्म आत ओढतं, त्यामुळे आतल्या भिंतीवर दाब वाढतो आणि बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे उजव्या चॅनलवर, कमी पडतो. उजवीकडेच फाटत असेल तर अँटी-स्केट कमी आहे. थोडं थोडं वाढवा. डावीकडे फाटायला लागलं की जास्त झालं.

एक खात्री करून घ्या: अ‍ॅम्पच्या मागचे डावे-उजवे आरसीए प्लग अदलाबदल करा. फाटणं दुसऱ्या स्पीकरवर गेलं तर दोष रेकॉर्ड, सुई किंवा मांडणीत. त्याच स्पीकरवर राहिलं तर अ‍ॅम्प किंवा स्पीकरमध्ये.

ध्वनिरेषा
वजनाबरोबर कपॅसिटन्सही (विद्युतधारिता) बघा. व्हीएम९५ईला केबल आणि फोनो इनपुट मिळून १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. कॉइल ५५० मिलिहेन्रीची आहे. एकूण १५० पिकोफॅरड असेल तर रेझोनन्स साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास, ४०० झालं तर पावणेअकराला उतरतो. मग प्रत्येक ट्रम्पेट कर्कश लागतो आणि लोक कटिंग इंजिनिअरला दोष देतात.

बारीकसारीक
कर्कश वेगळं आणि फाटणं वेगळं. कर्कशपणा पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत सारखाच असतो. इथे फक्त शेवटी होतंय.

अनवट
एवढा खटाटोप करण्यापेक्षा फाइल ऐका म्हणणारे बरोबर ठरतात. २०२२मध्ये मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या कितीतरी आवृत्त्यांत डीएसडीची (एका डिजिटल पद्धतीची) पायरी होती हे कळलं, आणि तोवर तीच रेकॉर्ड्स शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून वाखाणली जात होती.

ध्वनिरेषा
त्यातून एवढंच निघतं की चांगल्या टेपवरून जपून केलेलं डीएसडी आणि चांगलं कटिंग कानाला सहज ओळखू येत नाही. फाइल आणि रेकॉर्ड सारखीच असं त्यातून निघत नाही. कंपनीने सांगायला हवं होतं, हे मात्र शंभर टक्के मान्य. यासाठी वेगळा धागा काढा.

तारसप्तक
काटा मागवून आणला. चकतीवर दीड, प्रत्यक्षात १.३ भरलं. २ केलं, मांडणी बेअरवॉल्डला आणली, अँटी-स्केट २. 'हॉकस पोकस' जवळजवळ स्वच्छ. हेंडरसन आणि मॉर्गन एकत्र येतात तिथेच अजून थोडी धार राहिली. पहिल्या बाजूचं 'सर्र सर्र' मात्र जसंच्या तसं. आता?

बारीकसारीक
उरलेली धार सुईच्या आकाराची आहे. त्याच कार्ट्रिजवर व्हीएमएन९५एमएल सुई बसते, मायक्रोलाइन, बाजूची त्रिज्या ३ मायक्रॉन. जुनी ओढून काढायची, नवी खटकन बसवायची, वजन तेच २ ग्रॅम, तरी काट्यावर पुन्हा मोजा.

'सर्र सर्र'साठी अंधारात टॉर्च जवळजवळ आडवा धरून पहिल्या ट्रॅकची सुरुवात बघा. राखाडी, चमचमणारे ठिपके किंवा पट्टे दिसले आणि धुऊनही गेले नाहीत, तर ते नॉन-फिल आहे. दाबताना साचा किंवा व्हायनिलचा गोळा पुरेसा तापला नाही, ग्रूव्हच्या भिंतीपर्यंत माल पोचायच्या आत थंड झाला, आणि भिंतीला खळगे राहिले. जाड तबकडीत हे जास्त होतं. १८० ग्रॅम म्हणजे चांगला आवाज असा अर्थ घेऊ नका. आवाज प्रत्येक वेळी त्याच जागी येतो, बहुधा एकाच चॅनलमध्ये, आणि डाग एकाच बाजूला असेल तर दर १.८ सेकंदाला, म्हणजे फेऱ्यागणिक. धुणं, वजन, मांडणी, कशानेच जात नाही.

तारसप्तक
दिसले. पहिल्या सेंमीभरात पट्टा आहे, पुसून जात नाही. दर फेरीला येतंय हेही मोजून पाहिलं.

बारीकसारीक
मग बदलून घ्या, फाटणाऱ्या ट्रम्पेटसाठी नव्हे, या डागासाठी. आडव्या उजेडातला फोटो आणि त्या जागेचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडा. 'आवाज खराब' एवढंच लिहिलंत तर सुई बदला असं उत्तर येईल. बदली प्रत आली की सुई लावायच्या आधी टॉर्च लावा. कोऱ्या पट्टीतला कोड जुळला म्हणजे तीच खोट असेल असं नाही. एका लॅकरवरून बरेच स्टॅम्पर (दाबणीचे साचे) निघतात आणि नॉन-फिल त्या दिवशीच्या प्रेसच्या तापमानावर ठरतं. मधलं भोकही तपासा. ट्रॅक चालू असताना हेडशेलकडे (कार्ट्रिज बसतं त्या आर्मच्या टोकाकडे) समोरून बघा, तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. १० सेंमी त्रिज्येवर अर्धा मिमी सरकलेलं भोक सूर अर्धा टक्का वर-खाली करतं, आणि बॅरी हॅरिसच्या पियानोच्या लांबलेल्या सुरांत ते सरळ ऐकू येतं.

धूळभेट
बदली प्रतही वाजवायच्या आधी धुवा.