प्रशिक्षणाचा अभिप्राय शेवटच्या दिवशी घ्यावा की तीन महिन्यांनी, आणि तो कोणाकडून?

धागाकर्ता:
कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आर्थिकदृष्ट्या वर येण्यासाठी साथ देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे अभिप्राय गोळा करण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. हे कर्मचारी गृहभेटी करतात, कुटुंबासोबत बसून उद्दिष्टे ठरवतात आणि कर्ज, बचत, रोजगार, मुलांचा सांभाळ यांची सांगड घालायला मदत करतात. त्यांच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या पंधरा मिनिटांत, आम्ही एक पान वाटतो. एक हात बॅगेच्या पट्ट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने ते भरले जाते. मागच्या वेळी एका पत्रकावर पहिल्या ओळीत ‘उत्कृष्ट’वर खूण होती आणि तिथून तळापर्यंत एक सरळ रेघ ओढलेली होती. प्रश्न क्रमांक सात मुद्दाम उलटा विचारलेला होता, ‘सत्राचा वेग गैरसोयीचा होता का?’ असा, रेघ त्याच्यावरूनही तशीच गेली होती.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडायला सुरुवात केली: सहभागींची प्रतिक्रिया, शिकणे, प्रत्यक्ष वागण्यातला बदल आणि परिणाम. आपण सहा दशकांनंतरही पहिल्याच पायरीवर बसून आहोत. म्हणून माझे मत असे की शेवटच्या दिवसाचे पत्रक सरळ बंद करावे, अभिप्राय तीन महिन्यांनी घ्यावा आणि तो केवळ कर्मचाऱ्यांकडून न घेता त्यांनी ज्या कुटुंबांसोबत काम केले त्यांच्याकडूनही घ्यावा. विरोधी मते जरूर मांडावीत.

माजी प्रशिक्षक:
निदान अर्ध्या भागाशी मी पूर्ण असहमत आहे. शेवटच्या दिवसाच्या पत्रकाची थट्टा करणे सोपे असते, पण काही गोष्टी त्याच दिवशी कळतात आणि नंतर कधीच कळत नाहीत. मागच्या रांगेला ऐकू येत नव्हते, उदाहरणे दुसऱ्याच प्रकारच्या कुटुंबांची होती, दुपारनंतरच्या गटचर्चेत तीनच माणसे बोलत होती, हे तीन महिन्यांनी कोण सांगणार? आणि सांगितले तरी तोपर्यंत त्याच साहित्यावर पुढच्या चार तुकड्या होऊन गेलेल्या असतात.

दोष पत्रकाच्या वेळेचा कमी आणि प्रश्नांचा जास्त आहे. 1997 मध्ये ऍलिजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा ‘प्रशिक्षण आवडले का’ या प्रश्नाच्या उत्तराचा प्रत्यक्ष शिकण्याशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. ‘हे कामात उपयोगी पडेल का’ या प्रश्नाचा मात्र थोडाफार संबंध आढळला. संबंध माफकच होता, हे मान्य. तरीही आपली पत्रके वर्षानुवर्षे पहिलाच प्रश्न विचारत बसतात, कारण त्याचे उत्तर ऐकायला बरे वाटते. (मी स्वतः प्रशिक्षक असताना मलाही बरेच वाटायचे, हे कबूल करतो.) तेव्हा पत्रक बंद करू नका. ते तीन प्रश्नांचे करा आणि बॅगा उचलण्यापूर्वी, दुपारच्या सुटीआधी भरून घ्या.

मोजणीवाला:
पत्रक ठेवायचेच असेल तर एक धोका लक्षात घ्यावा. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणाआधी आणि नंतर कर्मचाऱ्याला स्वतःलाच गुण द्यायला सांगतात: ‘कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेण्याचे कौशल्य, दहापैकी किती?’ आधी माणूस आठ लिहितो. प्रशिक्षणात त्याला कळते की आपण ज्याला ऐकून घेणे म्हणत होतो ते पुढचा प्रश्न विचारण्यासाठी थांबणे होते. मग तो प्रामाणिकपणे सहा लिहितो. कागदावर प्रशिक्षणाने कौशल्य घटवलेले दिसते! जॉर्ज हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये ही अडचण दाखवून दिली आणि उपायही सुचवला. प्रशिक्षण संपल्यावर ‘आत्ता तुम्ही कुठे आहात आणि आज मागे वळून पाहता तेव्हा कुठे होतात’ असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावेत, म्हणजे मोजपट्टी तरी एकच राहते.

अर्थात स्वतःबद्दलचे सांगणे शेवटी सांगणेच असते. समोरच्याला उपदेश न करता त्याच्याच तोंडून बदलाची कारणे वदवून घेणारी संवादाची जी पद्धत विल्यम मिलर यांनी मांडली, आणि जी आता कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांनाही शिकवली जाते, तिच्या कार्यशाळेचा एक छोटा अभ्यास 2001 मध्ये मिलर आणि माउंट यांनी प्रसिद्ध केला. सहभागींनी लिहून दिले की आपल्यात मोठी सुधारणा झाली. त्यांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर बदल बेताचाच निघाला. समोरच्या माणसाच्या बोलण्यात फरक पडावा इतका तर तो नव्हताच. मला पटते ते 2004 चे पुढचे काम. 140 व्यावसायिकांची वेगवेगळ्या गटांत विभागणी केली गेली आणि नुसती कार्यशाळा मिळालेल्यांपेक्षा, कार्यशाळेनंतर प्रत्यक्ष संभाषणांवर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळत राहिलेल्यांचे कौशल्य चार महिन्यांनीही टिकले. म्हणजे अभिप्राय गोळा करण्याइतकाच तो कर्मचाऱ्याकडे परत जाणेही महत्त्वाचे असते. आपल्याकडे तो अहवालाच्या परिशिष्टात जातो.

क्षेत्रकार्यकर्ती:
वरची सर्व चर्चा वाचली. मी त्या पत्रकाच्या दुसऱ्या बाजूला बसणारी आहे आणि ती सरळ रेघ मीही ओढलेली आहे, कारण पत्रकावर नाव नसले तरी अक्षर ओळखले जाते.

धागाकर्त्यांच्या प्रस्तावातल्या ‘कुटुंबांकडूनही घ्यावा’ या भागाला माझा ठाम विरोध आहे. एकदा वरिष्ठांपैकी एक जण माझ्यासोबत गृहभेटीला आले आणि त्यांनी त्या घरातल्या बाईंना विचारले, ‘या तुम्हाला नीट माहिती देतात का?’ त्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग वरिष्ठांच्या हातातल्या वहीकडे पाहिले, आणि ‘खूप चांगल्या आहेत’ असे सांगितले. त्यांच्या मुलाच्या पाळणाघराच्या मदतीचा अर्ज तेव्हा माझ्याच पिशवीत होता. दुसरे काय सांगणार होत्या त्या? ज्याच्या सहीवर आपले काम अडलेले आहे त्याच्याविषयी मत विचारणे म्हणजे अभिप्राय घेणे नव्हे.

दुसरी गोष्ट. तीन महिन्यांनी ‘तुमच्या वागण्यात बदल झाला का’ असे विचारले की उत्तराचा सगळा भार एकट्या कर्मचाऱ्यावर पडतो. बाल्डविन आणि फोर्ड यांनी 1988 मध्येच मांडले होते की शिकलेले कामात उतरते की नाही हे शिकणाऱ्यावर आणि प्रशिक्षणाच्या रचनेवर अवलंबून असते, तसेच कामाच्या ठिकाणच्या वातावरणावरही असते. आम्हाला शिकवले की पहिल्या भेटीत कागद बाहेर काढू नका, आधी त्या कुटुंबाला काय हवे ते ऐका. परत आल्यावर पर्यवेक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो किती फॉर्म पूर्ण झाले याचा. ते प्रशिक्षणाला आलेलेच नव्हते. माझ्यात बदल झाला होता, तो साधारण दोन आठवडे टिकला.

धागाकर्ता:
ताई, आपले दोन्ही मुद्दे मान्य आहेत. पहिल्यावर मात्र थोडे अडखळतो. कुटुंबांना विचारणेच नको म्हटले, तर ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे ते पुन्हा चर्चेच्या बाहेरच राहतात. मदतीच्या निर्णयाशी ज्याचा काही संबंध नाही अशा व्यक्तीने, कर्मचारी समोर नसताना आणि कर्मचाऱ्याविषयी न विचारता, केवळ भेटीत काय घडले एवढेच विचारले तर? ‘उद्दिष्ट कोणी सुचवले, तुम्ही की त्यांनी?’ हा प्रश्न कोणाच्याही वागणुकीला गुण देत नाही, पण प्रशिक्षण मुरले की नाही हे त्यातून बरेच कळते.

परिणामवादी:
मला हा सगळाच वाद बाजूचा वाटतो. कुटुंब वर आले का, एवढेच विचारा. उत्पन्न वाढले का, कर्ज घटले का, हाताशी बचत आहे का? सहा देशांत राबवलेल्या ‘पदवीकरण’ (ग्रॅज्युएशन, म्हणजे अतिगरिबीतून बाहेर पडण्याच्या) कार्यक्रमाचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. अतिगरीब कुटुंबांना उत्पादक साधन, काही काळ निर्वाहाचा खर्च, प्रशिक्षण आणि नियमित गृहभेटी असे एकत्रित साहाय्य त्यात दिले गेले, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही त्यांचा उपभोग आणि मालमत्ता तुलनेच्या गटापेक्षा जास्त असल्याचे आढळले. तिथे कुटुंबांची परिस्थितीच मोजली गेली. कर्मचाऱ्याला सत्र आवडले की नाही यात वेळ का घालवावा?

मोजणीवाला:
कारण त्या अभ्यासात कुटुंबांची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी यदृच्छेने झाली होती, तुलनेचा गट होता आणि हजारो कुटुंबे होती. एका संस्थेतल्या वीस कर्मचाऱ्यांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला तोच निकष लावता येत नाही. शिवाय तिथेही साधन, पैसा, शिकवणी आणि गृहभेटी हे सगळे एकत्रच दिले गेले होते. त्यातला गृहभेट करणाऱ्याच्या कौशल्याचा वाटा किती, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. कुटुंबाची मिळकत वाढली ती नोकऱ्या वाढल्या म्हणून की कर्मचाऱ्याने प्रश्न नीट विचारला म्हणून, हे आपण कसे ठरवणार? अशा आकड्यावर प्रशिक्षणाचे यश मापायला लागलो, तर कर्मचारी मुळातच वर येऊ शकणारी कुटुंबे निवडू लागतील. अडलेल्या कुटुंबाकडे मग कोणी जाणारच नाही.

क्षेत्रकार्यकर्ती:
परिणामवादी यांना एक प्रसंग सांगते, कारण ‘उत्पन्न वाढले का’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

माझ्याकडच्या एका आईला कामाचे जास्त तास मिळाले. तिचे उद्दिष्टच ते होते. मी अभिनंदन केले, फाईलमध्ये त्या ओळीपुढे ‘साध्य’ लिहिले आणि माझ्या प्रशिक्षणाप्रमाणे पुढचे उद्दिष्ट विचारले. दोन महिन्यांनी ती भेटली तेव्हा तिने तास पुन्हा कमी करून घेतले होते. मिळकत मर्यादेच्या किंचित वर गेल्यामुळे पाळणाघराची मदत पूर्ण बंद झाली होती, आणि वाढलेल्या पगारापेक्षा पाळणाघराचा खर्च जास्त होता. म्हणजे जास्त तास राबून हातात कमी पैसे येत होते. तिने एका जुन्या पाकिटाच्या मागे हा हिशेब मांडून ठेवला होता: डावीकडे वाढलेले, उजवीकडे गेलेले, खाली वजाबाकी. तो हिशेब तास वाढवण्याआधी तिच्यासोबत मी मांडायला हवा होता. मला तो कोणी शिकवलाच नव्हता. तीन दिवसांत आम्ही ऐकून घेण्याचे कौशल्य शिकलो, उद्दिष्टे लिहिण्याची पद्धत शिकलो, पण मिळकत वाढली की कोणती मदत किती घटते आणि कोणती एकदम तुटते याचा तक्ता कोणी समोर ठेवला नाही.

आता यात अभिप्रायाचा प्रश्न पाहा. शेवटच्या दिवशी मी त्या प्रशिक्षणाला मनापासून ‘उत्कृष्ट’ दिले होते, आणि जे शिकवले ते खरोखर चांगलेच होते. पत्रक फक्त शिकवलेल्या गोष्टींबद्दल विचारते. जे शिकवायचे राहून गेले ते शेवटच्या दिवशी मला माहीत असणे शक्यच नव्हते. ते त्या पाकिटाच्या मागे दिसले.

माजी प्रशिक्षक:
हे वाचून माझी भूमिका थोडी बदलतो. शेवटच्या दिवसाचे पत्रक खोली, वेग आणि उदाहरणे यांपुरते ठेवावे, आणि त्यावरून प्रशिक्षणाच्या यशाचा दावा कोणी करू नये. मात्र तीन महिन्यांनी पुन्हा गुणांचे रकाने पाठवलेत तर पुन्हा सरळ रेघच परत येईल. तेव्हा एकच मोकळा प्रश्न असावा: ‘प्रशिक्षणानंतर कोणत्या घरी, कोणत्या क्षणी, काय करावे ते कळले नाही?’ आणि हा प्रश्न पर्यवेक्षकांनाही विचारावा. ते प्रशिक्षणाला येत नाहीत याबद्दल ताईंनी लिहिले आहे, त्याला माझा पूर्ण दुजोरा. आम्ही त्यांना बोलवायचो, ते उद्घाटनाला थांबायचे आणि मग फोन आल्याचे सांगून जायचे.

परिणामवादी:
प्रसंग बोलका आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो असे मला वाटते. ‘साध्य’ या शब्दावर कोणी थांबले नसते आणि सहा महिन्यांनी त्या घरात हातात उरलेला पैसा पाहिला असता, तर ही उणीव एका घरात नाही, दहा घरांत एकदम दिसली असती. परिणाम मोजू नका असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मोजणीवाला:
दिसली असती, हे मान्य. फक्त ती कर्मचाऱ्याच्या नावापुढे कमी गुण म्हणून दिसली असती की प्रशिक्षणातली रिकामी जागा म्हणून, हे तो आकडा कोण वाचतो यावर अवलंबून आहे.

धागाकर्ता:
पुढच्या तुकडीसाठी असे करून पाहतो. शेवटच्या दिवशी तीन प्रश्न, दुपारच्या सुटीआधी. तीन महिन्यांनी माजी प्रशिक्षकांनी सुचवलेला एकच मोकळा प्रश्न, कर्मचाऱ्यांना आणि पर्यवेक्षकांना स्वतंत्रपणे. उत्तरांतून निघालेल्या अडचणी अर्ध्या दिवसाच्या बैठकीत त्याच कर्मचाऱ्यांसमोर ठेवायच्या, अहवाल त्यानंतर. मदत कुठे घटते आणि कुठे तुटते त्याचा हिशेब अभ्यासक्रमात आधीच घालतो. त्यासाठी तीन महिने थांबण्याचे कारण नाही. परिणामवादी यांची हातात उरलेल्या पैशाची नोंद करायला माझी हरकत नाही, पण ती कोणत्याही कर्मचाऱ्याच्या नावाशी जोडली जाणार नाही. कुटुंबांना विचारण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही, मात्र ताईंची संमती मिळेपर्यंत तो थांबवतो.

क्षेत्रकार्यकर्ती:
माझ्या संमतीने काय होणार? त्या पाकिटावर हिशेब मांडणाऱ्या बाईंना विचारा, आणि त्यांचे पुढचे अर्ज मंजूर होऊन गेल्यावर विचारा. आणखी एक: तो मोकळा प्रश्न कागदावर नको. आम्हाला दोघीदोघींना वीस मिनिटे बसवा आणि एकीने दुसरीचे लिहून घ्यावे. स्वतःच्या अक्षरात मी आजही ‘सर्व ठीक’ असेच लिहीन.