मिशनकार्यात पडद्यामागची माणसं: नुसता मान पुरे की पगारही?

पर्वरीकर

आमच्या संस्थेकडे (छोटी आहे, नाव सांगत नाही) एका माणसाच्या पगारापुरते पैसे आलेत. कार्यकारिणीत प्रश्न निघाला: सत्तरी-दोडामार्ग पट्ट्यासाठी आणखी एक सुवार्तिक (गावोगाव जाऊन येशूची शिकवण सांगणारा) घ्यायचा, की हिशेब, गाडी, औषधांचा साठा आणि परवान्यांचे कागद सांभाळणारा एक माणूस? चहा यायच्या आत सुवार्तिक ठरला. "दाते विचारतात किती गावांत पोचलात. किती व्हाउचरं फाइल केलीत, कोण विचारतंय?" एक ज्येष्ठ सभासद म्हणाले आणि सगळे हसले. सध्या हिशेब एक निवृत्त ताई फुकट बघतात. दरवर्षी आभारप्रदर्शनात त्यांचं नाव येतं, टाळ्या पडतात, शाल मिळते. शालींनी आता त्यांचं कपाट भरलंय.

माझं म्हणणं एवढंच, की निम्मं मिशन अशीच माणसं चालवतात. तेव्हा त्यांचा खर्च आधी धरा, उरल्यासुरल्यातून भागवू नका.

गोव्यात राहून हे सांगायची पाळी यावी याचंच नवल वाटतं. भारतातला पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी इथे उतरला. निघाला होता ॲबिसीनियाला (आजचा इथिओपिया), राहिला गोव्यात. सोबत हुआन दे बुस्तामांते हा छपाई जाणणारा जेझुइट ब्रदर (व्रत घेतलेला, पण पाद्री नसलेला) होता, म्हणून त्याच वर्षी कागद बाहेर पडायला लागले. १५७७ साली जुवांव गोन्साल्विस या दुसऱ्या ब्रदरने गोव्यातच तमिळ अक्षरं पाडली आणि पुढच्या वर्षी कोल्लमला तमिळ पुस्तक छापून निघालं. आता मराठीचं बघा. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली आले, येशूची कथा सांगणारं ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं. १६०८ सालच्या पत्रात ते लिहितात, की इथल्या लिपीत पुस्तक छापायची फार इच्छा आहे, पण अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात. शेवटी १६१६ साली पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. दोन शतकांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या मिशनरींना पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर मिळाला, आणि १८०५ साली मराठीचं व्याकरण देवनागरीत छापलं गेलं. गोव्यात कवी होता, ओव्या होत्या, साचे पाडणारा हात मिळाला नाही. आज असा हात दारात आला तर आपण त्याला 'प्रशासकीय खर्च' म्हणून परत पाठवू.

वाळपईचा वाटसरू

मी याच संस्थेचा फिरतीवरचा माणूस, म्हणून विरोधातच लिहितो.

पर्वरीकर, ऑफिस वाढलं की काम वाढतं ते ऑफिसचंच. आधी एक कारकून येतो. मग त्याला कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला एसी, एसीला इन्व्हर्टर. मग कारकुनाला माहिती हवी म्हणून आम्हाला फॉर्म भरायला लावतात. पावसात केरीच्या घाटात भिजत खाली उतरायचं आणि रात्री जेवायच्या आधी 'लाभार्थी संख्या' टाइप करायची! ज्या घरी गेलो तिथल्या म्हातारीशी बोलायचं की तिचा रकाना भरायचा?

आणि हा प्रश्न प्रेषितांनीच सोडवून ठेवलाय. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकूर झाली तेव्हा बाराजण काय म्हणाले? वचनाची सेवा सोडून आम्ही पंगतीची सेवा करणं ठीक नाही. त्यासाठी सात वेगळी माणसं नेमली. म्हणजे क्रम ठरलेला आहे.

जुना लेखनिक

तोच उतारा पुढे वाचा ना. पंगतीसाठी नेमलेल्या सातांना काय साधीसुधी अट होती? पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण, सर्वांत नाव चांगलं. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शाल देऊन बोळवण केली नाही. आणि त्या सातांतलाच स्तेफन पुढच्या अध्यायात भरसभेत बोलतो, फिलिप शोमरोनात जातो.

वाळपईचा वाटसरू

लेखनिकसाहेब, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. स्तेफन आणि फिलिप आपल्याला माहीत आहेत ते बोलले म्हणून. उरलेल्यांत नीकानोर होता, तीमोन होता. त्यांनी किती पंगती वाढल्या कोण सांगू शकेल? पवित्र शास्त्रानेही नावापलीकडे काही ठेवलं नाही.

मालनची भाची, म्हापसा

वाटसरूंशी निम्मी सहमत, पण कारण वेगळं. माझी आत्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबली. सिस्टर होती. पहाटे उंड्यांची टोपली घेण्यापासून रात्री मोरी धुण्यापर्यंत सगळं तीच करायची. फोटोत कधी नाही. तिला कुणी 'तुझं योगदान' वगैरे म्हणालं असतं तर तिने पळी उगारली असती. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात उगीच नाही. पगाराचा हिशेब सुरू झाला की सेवेची नोकरी होते, आणि नोकरीत घड्याळ येतं.

जुना लेखनिक

भाचीताई, आत्यांना नमस्कार. पण एक विचारतो, राग मानू नका. आत्या आजारी पडल्या तेव्हा कुणी बघितलं? त्यांच्या सिस्टरांच्या संघानेच ना? औषध, खोली, शेवटी मातीसुद्धा. सिस्टरने व्रत घेतलं तेव्हा संघानेही तिचा भार घेतला. तिच्याच शेजारी भांडी घासणाऱ्या बाईने व्रत घेतलं नव्हतं. तिला म्हातारपणी कोण?

छोट्या संस्थांची गंमत माहितीय? भविष्य निर्वाह निधी साधारण वीस माणसांपासून लागू होतो, ग्रॅच्युइटी दहांपासून. आमच्यासारख्यांकडे असतात सहा, सात. म्हणजे कायदा मागत नाही आणि आपण देत नाही. मग भाषणात म्हणायचं, 'प्रभू त्यांना प्रतिफळ देईल.' प्रभू देईलच हो, आपण काय देणार ते बोला.

मालनची भाची, म्हापसा

ती भांडी घासणारी बाई होती खरी. ती आजारी पडल्यावर तिचा मुलगा तिला बेळगावला घेऊन गेला, पुढचं कळलं नाही. तरी माझा मुद्दा सोडत नाही. तिला पेन्शन द्या, जरूर द्या. पण स्टेजवर आणून 'पडद्यामागचे कलाकार' म्हणून हार घालू नका. ते मला आवडत नाही.

फोंडेकर

मी ख्रिस्ती नाही, पण इतिहासाचं नाव निघालं म्हणून आलो.

पर्वरीकरांची साच्यांची गोष्ट खरी, पण अर्धीच. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुढे अठराव्या शतकात छपाईच बंद पडली, ती १८२१ साली पुन्हा सुरू झाली. अशा राज्यात शंभर कर्मकार असते तरी मराठी पुस्तकांचा पाऊस पडला नसता. कारागीर मिळाला नाही ही अडचण. तो मिळवायची गरज वाटली नाही हे धोरण. तुमच्या कार्यकारिणीलाही तेच लागू पडतं, फार तर.

दुसरं. 'पडद्यामागची माणसं' म्हटलं की तुम्हा सगळ्यांच्या आवाजाला पाझर फुटतो. त्या पडद्यामागे सगळे आपखुशीने उभे होते का? पोर्तुगीज गोव्यात घरांत, मठांत गुलाम राबत होते. संत जोसेफ वाझ बाणावलीचे. १६८७ साली मजुराच्या वेशात श्रीलंकेत, डचांच्या ताब्यातल्या जाफनाला उतरले, तेव्हा सोबत जुवांव नावाचा नोकर होता. १६९२ साली कँडीच्या राजाने संताला कैद केलं तेव्हा तोही कैदेत. २०१५ साली वाझ संत झाले, गोव्यात घंटा वाजल्या. जुवांवला कुणी विचारलं होतं का, तुला यायचंय का म्हणून? संताला बोलावणं होतं. याला फक्त मालक होता.

पर्वरीकर

फोंडेकर, धोरणाचा मुद्दा घेतला. पण जुवांव तुम्ही माझ्याविरुद्ध वापरताय, आणि मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. डच अंमलात कॅथलिक पाद्र्याला बंदी होती. अशा मुलखात परक्या माणसाला कुणाच्या तरी आधारावाचून जेवण मिळालं असतं का? त्याची मर्जी विचारली गेली नसेल तर आपल्यावरचं देणं वाढतंच, कमी होत नाही.

वाझांच्या मागे जुन्या गोव्यातली ओरेटरीही (पाद्र्यांचा संघ) होती. तिथून वर्षानुवर्षं माणसं जात राहिली. दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस गेले, त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. ती नावं आपल्याला ठाऊक आहेत. ओरेटरीची तिजोरी, कोठार कोण बघायचं ते मलाही ठाऊक नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

जुना लेखनिक

क्रिस्तपुराणाचंच घ्या ना. सतराव्या शतकात ते तीनदा छापलं गेलं, आणि त्या छापील प्रतींतली एकही हाताशी नाही. टिकलं ते हाताने उतरवलेल्या प्रतींवर. देवनागरीतली एक प्रत लंडनला मार्सडन संग्रहात आहे. उतरवणाऱ्यांची नावं कुठे आहेत? दहा हजारांवर ओव्या आहेत, बसून लिहून बघा. खांदे भरून येतील.

ओल्ड गोव्याचा साउंडवाला

लेख लिहिता येत नाही, पण काम सांगतो. झेवियरच्या फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, म्हणजे नोव्हेनाला, मी माइक बघतो, माझ्यासारखे बरेच असतात. एक मिस्सा संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात कॉर्डलेसचे सेल बदलायचे. जुना सेल खिशात टाकला तर नव्यात मिसळतो, म्हणून मी जुन्यावर काळी टेप मारतो. एकदा प्रवचनात फादरांचा आवाज गेला, तर हजारो लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. आवाज नीट होता तेव्हा कुणीच बघितलं नाही. मला पैसे मिळतात, कंत्राट आहे. सावंतवाडीहून चालत येणाऱ्यांना पाणी देणारी पोरं मात्र फुकट राबतात आणि शिव्याही खातात. मला दोन्ही बरोबर वाटतं. सगळ्यांनाच पगार द्यायचा झाला तर नोव्हेना परवडायची नाही. देव बरें करूं.

वाळपईचा वाटसरू

हा माणूस शहाणा आहे. नऊ दिवस पाणी देणं वेगळं, बारा महिने हिशेब लिहिणं वेगळं. एवढं मी मानतो.

मालनची भाची, म्हापसा

आणि एक राहिलंच. मिशनचे आश्रयदाते संत दोन. एक आपले गोंयचो सायब फ्रान्सिस झेवियर, १५४२ साली गोव्यात आले, मग मलाक्का, जपान, चीनच्या दारापर्यंत. दुसरी लिझ्यूची तेरेझा, जी मठात शिरली ती बाहेर पडलीच नाही, चोविसाव्या वर्षी गेली. १९२७ साली पोपनी तिला त्यांच्या जोडीला बसवलं. पगार न घेता!

फोंडेकर

तिने आत्मचरित्र लिहिलं म्हणून बसवलं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. रेव्हरंड टिळकांनी घरी आणलेल्या अनाथांचा पसारा त्यांनी सांभाळला हे आपल्याला कळतं, कारण त्या स्वतः लिहून गेल्या. पडद्यामागचा माणूस स्वतः लिहिल्याशिवाय दिसत नाही. तुमच्या ताई काय लिहितात? रोजकीर्द.

जुना लेखनिक

रोजकीर्दही वाचता यायला हवी, फोंडेकर.

आता एक कोरडी गोष्ट, कारण पर्वरीकरांच्या कार्यकारिणीला तीच पटेल. परदेशी देणगी घेत असाल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत; कारकुनाचा धरतात. म्हणजे डॉक्टर पडद्यापुढे आणि कारकून पडद्यामागे, ही रेघ आता सरकारनेच मारलीय. पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यात यायचे, मग तुमच्याकडे. वर्षाचं विवरण एफसी-४ मध्ये, ३१ डिसेंबरच्या आत. ते चुकलं तर दंड, आणि परवाना गेला तर वाटसरूंचं पेट्रोलही गेलं. सुवार्तिक एक महिना आजारी पडला तर गावं थांबतात. ताई डिसेंबरात आजारी पडल्या तर संस्था थांबेल.

वाळपईचा वाटसरू

भीती दाखवून मत मिळवताय. कायद्याने २० टक्के केले ते ऑफिसं फुगली होती म्हणूनच, असं मी म्हटलं तर?

जुना लेखनिक

म्हणा. काही ठिकाणी फुगली होतीच. पण तुमच्या संस्थेत ऑफिस म्हणजे एक ताई आणि एक गोदरेजचं कपाट.

वाळपईचा वाटसरू

बरं. नव्या पदाला माझा विरोध कायम, मत विरोधातच पडेल. सत्तरीत मी एकटा आहे आणि मला जोडीदार हवाय. पण ताईंना मानधन द्यायचा ठराव वेगळा मांडलात तर अनुमोदन माझं. शालीच्या पैशांतून सुरुवात करा.

पर्वरीकर

वेगळाच मांडतो. रक्कम किती लिहू?

मालनची भाची, म्हापसा

एवढी चर्चा झाली, त्या ताईंना कुणी विचारलं का?

पर्वरीकर

आत्ता फोन केला. हा धागा त्यांनी सकाळीच वाचलाय. म्हणाल्या, मानधन द्या नाहीतर नका देऊ, तुमचं तुम्ही ठरवा. पण बाजूला बसून शिकणारं कुणीतरी पाठवा. पासवर्ड माझ्या एकटीच्या डोक्यात आहेत, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन मी तुमच्या एफसी-४ साठी दोनदा पुढे ढकललंय.

वाळपईचा वाटसरू

हे आधी सांगायचं ना! पुढच्या सोमवारी एक मुलगा पाठवतो. बी.कॉम. झालाय. दोन महिने माझ्याबरोबर फिरला, बोलायला उभा केला की घाम फुटतो. पण पेट्रोलच्या पावत्या मात्र तारखेवार लावून ठेवतो.