वॉर्डातील वाढता ताण आणि कामाचे समाधान

प्रश्न (अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, जिल्हा रुग्णालय):
मी ९ वर्षांपासून मेडिसिन वॉर्डात आहे. खाटा ४० आहेत, पण पावसाळ्यात जमिनीवर गाद्या घालून रुग्णसंख्या साठच्या आसपास जाते आणि रात्री आठ ते सकाळी आठ त्या सर्वांसाठी मी आणि एक बंधपत्रित (ठरावीक मुदतीच्या बंधपत्रावर नेमलेली) सिस्टर अशा दोघीच असतो. इंजेक्शने, नवे केसपेपर, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) आणि नातेवाइकांची समजूत यांतच रात्र सरते, आणि ज्या आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी होती ती एकदाच बदलली गेली, हे सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना) मलाच सांगावे लागते. नोकरी कायम आहे, पगार वेळेवर होतो, तरीही ड्युटीला निघताना पाय जड होतात. माझीच उमेद कमी पडते आहे का?

उत्तर १ (परिसेविका म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर):
ताई, दोष स्वतःकडे घेऊ नका. भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) निकष सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक, तर अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा पदे धरलेली आहेत. ही जादा पदे भरलेली नसली की एका सिस्टरच्या प्रसूती रजेचा भार उरलेल्या सगळ्यांच्या नाइटवर येतो. ड्युटी लावताना हे मी दर महिन्याला अनुभवते, आणि कोणाचा तरी ऑफ कापावा लागतो याचे मला फार वाईट वाटते. माझ्या वॉर्डात इंडेंटचे काम मी दिवसपाळीकडे वळवले आणि कूस बदलण्याच्या रुग्णांची यादी मावशींच्या हाती दिली. एवढ्यानेही रात्रीचा भार थोडा हलका झाला.

उत्तर २ (स्टाफ नर्स, खासगी रुग्णालय):
आमच्याकडे मुळात पगाराचाच प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य शासनाइतके, आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणी किमान २०,००० रुपये वेतन असावे अशी शिफारस केली. माझ्या हातात त्याहून बरेच कमी येते, म्हणून आमच्याकडच्या तरुण सिस्टर वर्षभराचा अनुभव मिळताच परदेशाची वाट धरतात आणि मागे राहिलेल्यांचे रुग्ण वाढतात.

उत्तर ३ (पाठ्यनिर्देशिका म्हणजे नर्सिंगची शिक्षिका):
मूळ प्रश्नातील पगार आणि उमेद यांच्यातली फारकत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडली होती: वेतन आणि सुरक्षितता यांमुळे असमाधान टळते, परंतु समाधान मिळते ते काम नीट पार पडण्यातून आणि त्याची दखल घेतली जाण्यातून. आपण शिकवतो एक आणि वॉर्डात जमते दुसरे, ही बोच या ताणाचे मोठे कारण आहे असे माझे मत आहे. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तेव्हा परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या मानसिक थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते असे आढळले. म्हणून पदे मागताना केवळ आपल्या थकव्याविषयी न बोलता रुग्णाच्या जिवाविषयीही बोलावे.

मूळ प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आज रात्रीपासून रुग्णसंख्या, हजर सिस्टर आणि राहून गेलेली कामे मी रिपोर्ट बुकात रोज लिहीन आणि महिनाअखेरीस ती पाने अधिसेविका (मेट्रन) मॅडमना दाखवीन.